खोली अकरा महिन्यांची, जमीन किती वर्षांची?

दिवाळीची सुट्टी संपली, घरचं भात कापून झालं आणि सुरगाण्याहून सकाळची एसटी पकडून तुम्ही परत नाशिकला निघालात. बोरगाव, वणी, दिंडोरी करत गाडी येते. मांडीवर बॅग, बॅगेत आईने दिलेलं नागलीचं पीठ. मोबाइलवर दोन मेसेज आलेले असतात. एक घरमालकाचा: ‘अकरा महिने संपत आले, नवीन अ‍ॅग्रीमेंट करायचं आहे, भाडं पाचशेने वाढेल.’ दुसरा गावच्या ग्रुपवर फिरत आलेला: ‘खुशखबर! आदिवासी शेतकऱ्यांना आता जमीन भाड्याने देता येणार, एकरी पन्नास हजार!’

दोन्ही मेसेजमध्ये शब्द एकच, भाडं. पहिल्यात ते तुम्ही देणार, दुसऱ्यात ते तुमच्या घरी येणार. वाटतं, व्यवहार तोच आहे, फक्त बाजू बदलली. कायद्याला मात्र हे दोन वेगळे व्यवहार दिसतात. पहिल्या मेसेजला ‘हो’ म्हणालात तर फार तर अकरा महिने अडकाल. दुसऱ्याला घरच्यांनी घाईत ‘हो’ म्हटलं तर तुमचं शिक्षण, नोकरी, लग्न होईपर्यंत ती जमीन दुसऱ्याच्या ताब्यात राहू शकते.

तुम्ही सुरगाणा, पेठ किंवा कळवणचे नसाल, तरी वाचा. तुमच्या वर्गात, तुमच्या खोलीत तिकडचा एक तरी जण असेल. आणि अर्धी गोष्ट तर तुमच्या स्वतःच्या खोलीचीच आहे.

घोषणा काय होती?

सप्टेंबर २०२५मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी गडचिरोलीत जाहीर केलं की आदिवासी शेतकऱ्यांना आपली जमीन शेतीसाठी किंवा खनिज काढण्यासाठी खासगी कंपन्यांना थेट भाडेपट्ट्याने देता येईल. त्यासाठी मंत्रालयात खेटे घालावे लागणार नाहीत, जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर निर्णय होईल. किमान भाडं वर्षाला एकरी ५० हजार, म्हणजे हेक्टरी सव्वा लाख रुपये असेल. जमीन पडून राहण्यापेक्षा तिच्यातून हक्काचं उत्पन्न मिळावं, अशी बाजू सरकारकडून मांडली गेली. आदिवासी संघटनांनी आणि विरोधी पक्षांनी लगेच विरोध केला. जमीन हातातून जाण्याचा हा मागचा दरवाजा आहे, असं त्यांचं म्हणणं.

सुरगाण्यात ही बातमी ‘कुठेतरी गडचिरोलीत’ म्हणून सोडून देता येत नाही. १९८५च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने महाराष्ट्रातली जी अनुसूचित क्षेत्रं ठरली, त्यात नाशिक जिल्ह्यातले सुरगाणा, पेठ आणि कळवण हे तालुके पूर्ण आहेत. शिवाय तालुक्याची एक बाजू सापुताऱ्याला लागते. हतगडकडे गाडीने गेलात की रस्त्याच्या कडेची जमीन कुणाला आणि कशासाठी हवी असेल, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण घोषणा म्हणजे कायदा नव्हे. कायदा काय म्हणतो ते बघायचं तर आधी तुमच्या खोलीपासून सुरुवात करू.

आधी तुमची खोली

पंचवटीत, म्हसरूळला किंवा गंगापूर रोडला तुम्ही जी खोली घेता, त्या कागदावर बहुतेक वेळा ‘लीव्ह अँड लायसन्स’ असं लिहिलेलं असतं. लायसन्स म्हणजे परवानगी. मालक म्हणतो, माझ्या जागेत ठरलेल्या मुदतीपुरतं राहा. जागेत तुमचा हक्क तयार होत नाही. ती खोली तुम्ही परस्पर दुसऱ्याला देऊ शकत नाही आणि मुदत संपली की निघावं लागतं. न निघाल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम २४नुसार मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि तेवढ्या काळाचं दुप्पट भाडं मागू शकतो.

आता यातल्या तीन गैरसमजांबद्दल.

पहिला: ‘अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही.’ नोंदणी कायद्यात एक वर्षाच्या पुढच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, तिथून ही अकरा महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्रात १९९९च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणखी महत्त्वाचं म्हणजे, नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. म्हणजे नोंदणीची गरज तुमच्यापेक्षा मालकालाच जास्त आहे. हे माहीत असलं की बोलताना आवाज आपोआप थोडा चढतो.

दुसरा: ‘नोटरी केली, काम झालं.’ नोटरी म्हणजे सही कुणी केली याची साक्ष. ती नोंदणी नव्हे. लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी ऑनलाइन होते, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असतं आणि शहरात नोंदणी फी एक हजार रुपये. तिघे-चौघे मिळून राहत असाल तर माणशी किती पडतं ते काढून बघा. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात नंबर न लागल्यामुळे स्वयम् योजनेतून पैसे घेऊन बाहेर राहत असाल, तर पक्का कागद हाताशी असणं तुमच्याच सोयीचं.

तिसरा: ‘दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेणं बेकायदा आहे.’ रील्समध्ये हे जोरात फिरतं. ते २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. तो केंद्राने राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपला कारभार १९९९च्या कायद्यावर चालतो. त्यामुळे डिपॉझिट किती, ते परत कधी आणि रंगरंगोटीचे पैसे कापणार का, हे करारातच लिहून घ्या.

जमिनीचं भाडं वेगळं

खोलीच्या कागदात तुम्हाला फक्त परवानगी मिळते. भाडेपट्ट्यात हक्क मिळतो. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार भाडेपट्टा म्हणजे त्या स्थावर मालमत्तेचा उपभोग घेण्याच्या हक्काचं हस्तांतरण. सातबाऱ्यावर नाव तुमच्या बाबांचंच राहतं, पण मुदतभर जमीन कसायची, वापरायची, कुणाला आत येऊ द्यायचं, हे दुसरा ठरवतो. बाबा गेले तरी भाडेपट्टा संपत नाही, तो वारसांवर म्हणजे तुमच्यावर बांधील राहतो.

शेतीचे भाडेपट्टे या कायद्यातून बरेचसे बाहेर आहेत, त्यांना आपल्याकडे कूळ कायदा लागतो. पण खाण, हॉटेल, गोदाम, सोलर अशा कामांचे भाडेपट्टे यात येतात. त्यातली एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. करारात उलट लिहिलेलं नसेल, तर भाडेपट्टेदार आपला हक्क तिसऱ्याला देऊ शकतो, पोटभाड्याने देऊ शकतो, गहाणसुद्धा ठेवू शकतो. म्हणजे तुम्ही ओळखीच्या माणसाला जमीन दिली आणि दोन वर्षांनी तिथे भलताच कुणी उभा, असं होऊ शकतं. आणि ते कायदेशीर असू शकतं.

मग कुणी डोकं लढवतं: ‘भाडेपट्टा म्हणू नका, लीव्ह अँड लायसन्स म्हणा, दहा वर्षांचं करू.’ इथे नाव उपयोगाचं नाही. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलमधल्या केशकर्तनाच्या खोल्यांवरून खटला झाला होता. कागदावर परवाना लिहिलं होतं. १९५९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वर काय नाव लिहिलंय ते बघू नका, आत काय दिलंय ते बघा. जागेचा पूर्ण ताबा आणि हक्क दिला असेल तर तो भाडेपट्टाच. न्यायालयाची ही नजर आजही तशीच आहे.

कलम ३६-अ कशासाठी आलं?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची. तिच्यात ६ जुलै १९७४पासून कलम ३६-अ लागू झालं. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा किंवा इतर कुठल्याही मार्गाने देता येणार नाही, परवानगीशिवाय तर नाहीच. यादीत भाडेपट्टा आहे हे लक्षात ठेवा. कोर्टाच्या हुकमाने होणारी विक्रीसुद्धा त्यात आहे.

एवढं कडक कलम का आणलं? कारण त्याआधीचा अनुभव. सावकाराचं कर्ज, धान्याची उचल, लग्नाचा खर्च, एका अंगठ्यावर जमीन गेली, असं राज्यभरच्या आदिवासी भागात झालं होतं. म्हणूनच त्याच सुमाराला दुसरा कायदाही केला गेला, आदिवासींना जमिनी परत करण्याचा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत मिळवून देण्यासाठी तो होता आणि १ नोव्हेंबर १९७५ला अमलात आला. १ एप्रिल १९५७ ही तारीख कुळांना जमिनीचा मालक करणाऱ्या कूळ कायद्याची. ज्याच्या हातात नांगर त्याची जमीन, हे तत्त्व आलं आणि गावोगाव धास्ती पडली: जमीन दुसऱ्याला कसायला दिली तर कूळ लागेल. तुमचे आजोबा अजूनही ‘वाट्याने दे, पण लिहून देऊ नको’ म्हणतात, त्यामागे हा इतिहास आहे.

३६-अ मध्ये परवानगीची वाट आहे, पण ती अरुंद ठेवली आहे. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. त्यापुढचं काहीही असेल तर जिल्हाधिकाऱ्यांनी राज्य सरकारची संमती घ्यायची. त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची खात्री पटली पाहिजे की त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत ती जमीन घ्यायला तयार असा एकही आदिवासी नाही. आणि २०१६च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमतीही आवश्यक झाली.

आता बातमी परत वाचा. पाच वर्षांच्या आतला भाडेपट्टा मंजूर करायला जिल्हाधिकारी आधीपासून मोकळे आहेत. मग ‘मंत्रालयाच्या खेपा वाचतील’ म्हणजे काय? म्हणजे खरा विषय पाच वर्षांच्या पुढच्या भाडेपट्ट्यांचा आहे. दहा, वीस, तीस वर्षांचा. चर्चा पन्नास हजारांवर झाली. ती मुदतीवर व्हायला हवी होती.

एकरी पन्नास हजार कोण देणार?

घरी फोन लावा आणि एक प्रश्न विचारा: आपल्या वरकस उतारावरच्या नागली-वरईतून किंवा भातातून, खर्च वजा जाता, एकरी वर्षाला किती उरतात? उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. उरत असते, तर पावसाळा संपताच गावातली निम्मी माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला गेली नसती.

मग जो माणूस पन्नास हजार द्यायला तयार होईल, तो त्या जमिनीत नागली लावायला येणार नाही. त्याला जमिनीत दुसरं काहीतरी दिसतंय. रस्ता, डोंगराचा देखावा, पाणी किंवा दगड. त्यात वाईट काही नाही, धंदा असाच चालतो. पण मग भावही त्या दुसऱ्या गोष्टीचा ठरला पाहिजे, नागलीच्या शेताचा नव्हे. तीन एकर म्हणजे वर्षाला दीड लाख, महिन्याला साडेबारा हजार. घरात पहिल्यांदा महिन्याचा पगार आल्यासारखं वाटेल. पण पंधरा वर्षांनी साडेबारा हजारांत काय येईल? करारात दरवर्षी वाढ लिहिली आहे का?

खनिजाचा विषय आणखी वेगळा. शेतीसाठी दिलेली जमीन मुदत संपल्यावर शेत म्हणून परत येते. मुरूम, दगड काढून नेलेली जमीन खड्डा म्हणून परत येते. त्याला भाडं म्हणणंच चुकीचं आहे. ती हप्त्याहप्त्याने केलेली विक्री आहे.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, ती खोटी नाही. आज अनेक घरांत जमीन आहे पण पैसा नाही. दवाखाना आला, मुलीची फी आली, तर काय करायचं? बँकेत जावं तर कायद्याने काही संस्थांकडे तारण ठेवायची मोकळीक दिलेली असूनही बँक कचरते. कर्ज बुडालं तर जमीन विकायची कुणाला? घेणारा आदिवासीच हवा. म्हणून नकार. मग माणूस पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून जमीन कुणाच्या तरी ताब्यात देतो किंवा बाहेरचा माणूस एखाद्या आदिवासीच्या नावावर पैसे घालून जमीन घेतो. अशा कागदाने मालकी जात नाही. १०० रुपयांपुढच्या स्थावराची विक्री नोंदणीशिवाय होत नाही आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. दुसऱ्याच्या नावावरचा व्यवहार बेनामी कायद्यात अडकतो. पण मालकी कागदावर राहते आणि ताबा जातो. या चोरट्या व्यवहारांपेक्षा जिल्हाधिकाऱ्यांसमोरचा उघडा करार बरा, असं कुणी म्हणत असेल तर त्यात तथ्य आहे.

माझं म्हणणं इतकंच. उघडा करार हवा असेल तर पाच वर्षांपर्यंतची वाट कायद्यात आहे. ती सोपी, जलद करा. अर्ज कुठे करायचा, किती दिवसांत उत्तर मिळेल, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. पाच वर्षांनी नव्याने विचार करता येतो, भाव वाढवता येतो, नको म्हणता येतं. तुम्ही खोलीचा करार अकरा महिन्यांनी पुन्हा करता, कारण दोघांनाही सुटायची मोकळीक हवी असते. तीच मोकळीक बाबांना का नको?

सगळी जमीन सारखी नसते

ग्रुपवरचा मेसेज वाचून कुणी ‘आपली पण देऊन टाकू’ म्हणालं, तर आधी विचारा: आपली म्हणजे कुठली? सुरगाण्यातलं घर किंवा शेत साधारण तीन प्रकारच्या जमिनीवर असतं.

सातबाऱ्यावरची खातेदारीची जमीन. तिला ३६-अ लागतं. सातबारा उघडून ‘भोगवटादार वर्ग’ आणि ‘इतर अधिकार’ हे दोन रकाने बघा, तिथे कलमाचा शेरा सापडतो.

वनपट्टा. हा २००६च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला. १३ डिसेंबर २००५पूर्वीचा ताबा दाखवून, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, कसण्यासाठी आणि राहण्यासाठी. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत लाल झेंडे घेऊन शेतकरी चालत गेले, त्यात सुरगाण्याची माणसं मोठ्या संख्येने होती. तेव्हाचे आमदार जिवा पांडू गावित त्या मोर्चाच्या पुढाऱ्यांपैकी एक. वनहक्काचे दावे निकाली काढा, ही त्यांची मोठी मागणी होती. तुमच्या घरातलंही कुणी त्या उन्हात चाललं असेल. त्या पट्ट्याबद्दल कायद्याचं कलम ४(४) स्वच्छ आहे: हक्क वारसाला जातो, पण विकता येत नाही, कुणाच्या नावावर करता येत नाही. भाडेपट्ट्याची घोषणा काहीही असो, वनपट्टा हा केंद्राच्या कायद्याचा विषय आहे. ‘तुमचा पट्टा आमच्या नावावर भाड्याने लिहून द्या’ म्हणत कुणी आलं, तर त्याला तिथूनच परत पाठवा.

वनपट्ट्याच्या घराबद्दल एक कामाची गोष्ट. कुटुंब वाढतं, गावठाण वाढत नाही. मग नवीन घर बांधायला जागा नाही, म्हणून पोरं गाव सोडतात. सप्टेंबर २०२०मध्ये तेव्हाचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी पाचव्या अनुसूचीतले अधिकार वापरून वनहक्क कायद्यात अनुसूचित क्षेत्रासाठी बदल केला. अशा कुटुंबांना गावालगतच्या वनजमिनीवर घरासाठी जागा मिळण्याची वाट त्याने उघडली. ती जाते ग्रामसभेतून. तुमच्या ग्रामसभेत हा विषय कधी निघाला का, हे विचारायला हरकत नाही.

तिसरं, गावठाणातलं घर. त्याचा कागद म्हणून घरात ग्रामपंचायतीचा नमुना ८चा उतारा आणि घरपट्टीची पावती असते. हा कराचा कागद. कर कोण भरतं ते त्यातून कळतं, मालक कोण ते सिद्ध होत नाही. केंद्राच्या स्वामित्व योजनेत २०२०पासून ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. आपल्या गावची मोजणी झाली का, पत्रिकेवर नाव कुणाचं आणि मापं बरोबर आहेत का, हे बघणं तुमच्यासारख्या शिकलेल्या पोरापोरींचं काम. घरच्यांना इंचाचा फरक कळतो, पण नकाशा वाचता येतोच असं नाही.

सही कुणाची?

समजा सगळं नीट झालं, करार कायद्यात बसला. तर सही कुणी करायची आणि पैसे कुणाच्या खात्यात?

वनपट्ट्याचं उत्तर सोपं आहे. लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर हवा, असं कायदाच म्हणतो. तुमच्या घरच्या पट्ट्यावर आईचं नाव आहे का? आधी ते बघा.

सातबाऱ्याच्या जमिनीचं उत्तर अवघड आहे. हिंदू वारसा कायद्याचं कलम २(२) सांगतं की केंद्राने तशी अधिसूचना काढल्याशिवाय तो कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणून ‘मुलींना समान वाटा’ हा २००५चा बदल आदिवासी मुलींना आपोआप मिळत नाही. तिथे रूढी चालते. जुलै २०२५मध्ये छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मुलींना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसेल तर फक्त स्त्री म्हणून वाटा नाकारणं समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे. तर ऑक्टोबर २०२५मध्ये हिमाचलच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लावता येणार नाही, तो बदल सरकारने करायचा. दोन्ही निकाल सोबत वाचले तर अर्थ असा: दार बंद नाही, पण उघडंही नाही. कोर्टात जाऊन भांडणाऱ्या मुलीला वाट आहे, बाकीच्यांना घरच्यांच्या मनावर अवलंबून राहावं लागतं.

भाडेपट्ट्याशी याचा थेट संबंध आहे. आज ज्या बहिणीचं नाव सातबाऱ्यावर नाही, तिला वीस वर्षांच्या करारात कुणी विचारणार नाही. आणि वर्षाचे दीड लाख ज्याच्या खात्यात येतील, तोच पुढे घरात निर्णय घेईल. मुलींनो, हा विषय लग्नानंतर भांडणात काढण्यापेक्षा आत्ता जेवताना काढलेला बरा.

पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा

जास्त काही करायचं नाही. सातबारा आणि आठ-अ मोबाइलवर काढता येतो, तो काढा आणि बाबांसोबत बसून मोठ्याने वाचा. जमीन कुठल्या प्रकारची, शेरा काय, नावं कुणाकुणाची. फेरफार राहिला असेल तर तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज द्या. मिळकत पत्रिका, वनपट्टा, घरपट्टीची पावती, सगळ्यांचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

आणि कुणी भाडेपट्ट्याचा कागद घेऊन आलं तर सही करण्याआधी पाच गोष्टी विचारा. मुदत किती? दरवर्षी भाडं किती वाढणार? जमीन तिसऱ्याला देता येणार नाही असं लिहिलंय का? मुदत संपल्यावर जमीन कुठल्या अवस्थेत परत मिळणार? आणि हा कागद ग्रामसभेत वाचून दाखवाल का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा गप्प झाला, तर पहिल्या चारांची उत्तरं ऐकायची गरज नाही.

आता घरमालकाच्या मेसेजला उत्तर द्या. म्हणा, पाचशे वाढवा हवं तर, पण या वेळी अ‍ॅग्रीमेंट नोंदवलेलं हवं. अकरा महिन्यांच्या खोलीसाठी तुम्ही जेवढा कागद वाचाल, निदान तेवढा तरी बाबांच्या जमिनीसाठी वाचा.